तिळगूळ घ्या, डबीसकट घ्या!

सेमिस्टरची परीक्षा संपते, जानेवारी उजाडतो आणि आपल्या हॉस्टेलवर दोन ढीग साचलेले दिसतात. एक, घरून आलेला खाऊ संपवून उरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा. दुसरा, तपासून परत मिळालेल्या ड्रॉइंग शीट्सचा. पहिला ढीग कचऱ्यात जातो, दुसरा खाटेखाली जातो आणि तिथेच राहतो. या लेखात मी या दुसऱ्या ढिगाची सोय लावणार आहे. निमित्त अर्थातच संक्रांतीचं.

थंडीच्या दिवसांत एकमेकांना काहीतरी द्यावं ही पद्धत जगभर आहे. नाताळात भेटवस्तू रंगीत खोक्यात घालून देतात. आपल्याकडे सुगड आहेच की! कुंभाराकडून आणलेलं मातीचं छोटंसं मडकं, त्याला बाहेरून हळदीकुंकवाची बोटं, गळ्याला दोरा, आणि आत उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाची ओंबी, तीळ. म्हणजे घरच्या घरी सजवलेलं भांडं, हंगामाचा खाऊ भरून हातात देणं, ही कल्पना आपल्याला कुठून बाहेरून आणायची गरज नाही. ती आजीच्या देवघरात आधीपासून आहे.

फरक पडला तो नंतर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि त्यात वाण लुटतात. पूर्वी काय लुटत असतील ते असोत, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची डबी असते. स्वस्त, हलकी, डझनाने मिळणारी. आमचं घर रोह्याला. मागच्या वर्षी सुट्टीत मी स्वयंपाकघरातल्या अशा डब्या मोजल्या. तेवीस भरल्या! आणि रोजच्या वापरात किती? चार. बाकीच्या एकात एक घालून माळ्यावर. महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून प्लास्टिकबंदी अमलात आली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. वाणाची डबी त्यात बसत नाही, कारण ती म्हणे पुन्हा वापरायची वस्तू आहे. माळ्यावरच्या एकोणीस डब्यांना हे कोणी सांगायचं?

दुसरी गोष्ट जरा जास्त महत्त्वाची. हळदीकुंकू सवाष्णींचं असतं. तिळगुळाला तशी काही अट नाही. तो लहानाला, मोठ्याला, भांडण झालेल्या रूममेटला, कोणालाही द्यावा. पण हॉस्टेलवर आपण तिळगूळ देतो तरी कोणाला? मित्रांना मोबाईलवर मेसेज, सरांना आणि मॅडमना हातावर दोन लाडू. रात्रीचे वॉचमनकाका, मेसच्या मावशी, जिने झाडणारे काका, वर्कशॉपमधले मदतनीस यांच्या वाट्याला काय येतं? फार तर पिशवीतून काढलेली चिमूटभर रेवडी. म्हणून म्हणतो, यंदा डबी करू या. आणि ती स्वतःच्या हाताने करू या.

आधी आतलं, मग बाहेरचं

डबी करायची म्हटलं की आपला हात पहिल्यांदा रंगाकडे आणि चमकीकडे जातो. थांबा. डबी ही आतून बाहेर करायची वस्तू आहे. क्रम असा: आत काय ठेवायचं, त्याला अस्तर कसलं, भिंत किती जाड, झाकण कसं बसणार, आणि सगळ्यात शेवटी सजावट. हा क्रम उलटा झाला की डबी दिसते छान आणि घरी पोचेपर्यंत तिला तेलाचे डाग पडतात.

हे शास्त्र आपल्या रायगडकरांना नवीन नाही. थंडीतली पोपटी आठवा. पेण, रोहा, अलिबाग, कुठल्याही गावात शेतावर जा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात, मग वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा, जाडं मीठ, आवडत असेल तर मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गवत पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाला आतल्या शेंगांना मडक्याला चिकटू देत नाही, ओल धरून ठेवतो, वास देतो आणि बूच म्हणूनही काम करतो. एका अस्तराकडून चार कामं! मडक्याला बाहेरून कोणी रंग दिलेला नसतो, तरी पोपटीचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतंच ना?

आता तिळगुळाचं बघू. तिळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतं. ते कागदात उतरतं आणि डाग पडतो. गूळ हवेतली ओल ओढतो आणि चिकट होतो. शिवाय मुंग्यांना या दोन्ही गोष्टी आपल्याआधी कळतात. म्हणून पहिला नियम: लाडू थेट कागदाला लागू द्यायचा नाही. आत बटर पेपरचा चौकोन अंथरायचा आणि त्याची टोकं वरून दुमडून घ्यायची.

दुसरा नियम तर कायद्यातच आहे. वर्तमानपत्राचा किंवा तसा छापील कागद खाद्यपदार्थ गुंडाळायला वापरू नये, असं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या वेष्टनविषयक नियमांत म्हटलेलं आहे. छपाईच्या शाईतले घटक तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून. वडापाव आपण कशात खातो हा विषय इथे काढत नाही! पण आपल्या डबीत तरी छापील बाजू, पेन्सिलीची बाजू, रंगाची बाजू, सगळं बाहेर. आत फक्त अस्तर.

पहिली डबी: घडीची

ही सगळ्यात सोपी. कात्री एकदाच लागते, डिंक थेंबभर. साहित्य म्हणजे तपासून झालेली ड्रॉइंग शीट. (कृपया 'तपासून झालेली' हे शब्द दोनदा वाचा. सबमिशनच्या आधी रूममेटच्या शीटला हात लावलात तर जबाबदारी माझी नाही.)

ए2 शीट 59.4 बाय 42 सेंटिमीटरची असते. तीतून 21 सेंटिमीटरचे दोन चौरस आणि 20.5 सेंटिमीटरचे दोन चौरस निघतात. मोठा चौरस झाकणाला, लहान तळाला. म्हणजे एका शीटमध्ये दोन डब्या, आणि साडेसतरा सेंटिमीटरची एक पट्टी उरते, ती पुढे कामाला येईल.

आता कृती बघा.

1. चौरस रेघोट्यांची बाजू खाली ठेवून मांडा. दोन्ही कर्णांवर हलकी घडी घालून उघडा. मध्य मिळाला.

2. चारही कोपरे मध्यावर आणून दाबा. लहान चौरस तयार झाला.

3. या लहान चौरसाची वरची आणि खालची कड मध्यरेषेवर आणून घडी घाला, उघडा. तसंच डावी-उजवी कड, उघडा.

4. आता वरचा आणि खालचा कोपरा पूर्ण उलगडा. डावा-उजवा तसाच राहू द्या आणि त्या दोन बाजू भिंतीसारख्या उभ्या करा.

5. वरची बाजू उचला. कोपऱ्यातल्या घड्या आपोआप आत वळतील. त्यांच्यावरून टोक आत घालून तळाशी मध्यावर बसवा. खालच्या बाजूचंही तसंच.

6. चारही टोकं तळाच्या मध्याशी भेटतात. त्यांच्याखाली थेंबभर डिंक लावून दाबा. झाली डबी.

हिशोब आवडणाऱ्यांसाठी: तळाची बाजू म्हणजे मूळ चौरसाची बाजू भागिले 2.83, आणि उंची तळाच्या निम्मी. 20.5 च्या चौरसातून साधारण 7.25 सेंटिमीटरचा तळ आणि 3.6 सेंटिमीटर उंची मिळते. झाकण 7.4 च्या आसपास येतं. दोन्हीत पावणेदोन मिलिमीटरची मोकळीक. याहून कमी ठेवली तर जाड शीटचं झाकण बसत नाही, जास्त ठेवली तर डबी हातातून निसटते आणि झाकण हातात राहतं. सव्वादोन सेंटिमीटर व्यासाचे नऊ लाडू तीन ओळींत नीट बसतात.

ड्रॉइंग शीट जाड असल्यामुळे घडीवर फाटते किंवा वेडीवाकडी मोडते. त्यावर उपाय म्हणजे रिकामी रिफिल. पट्टी धरून घडीच्या रेषेवरून रिकामी रिफिल दाबून फिरवा. कागदात बारीक चर पडते आणि घडी सरळ बसते. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात, म्हणून तो एका दिशेने सहज वाकतो आणि दुसरीकडे कुरकुरतो. कुरकुरणाऱ्या बाजूला रिफिल दोनदा फिरवा.

आणखी एक. या डबीचा तळ आणि भिंती घड्यांमुळे निदान दुपदरी होतात. दोन पदर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, पण चिकटवून एकजीव केले तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये हे पाठ करताना कंटाळा येतो, पण डबीच्या तळाला खळ लावून बघा, बोटाला कळतं. खळ म्हणजे एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली. मेसच्या काकांना गोड बोललात तर पातेलं मिळेल. खळ दोन दिवसांत संपवा, नाहीतर आंबते.

उरलेल्या पट्टीतून षटकोनी डबी होते. 25 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची: चार-चार सेंटिमीटरच्या सहा भिंती आणि एक सेंटिमीटरची चिकटवायची कड. तळ चार सेंटिमीटर बाजूचा षटकोन, त्याला दुमडायच्या कडा. झाकणाचा षटकोन 4.1 ते 4.2 चा. फर्स्ट इयरवाल्यांनो, ओळखलंत का? हेच ते 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस'. व्हायव्हाला 'याचा उपयोग काय' असं विचारलं तर खिशातून डबी काढून टेबलावर ठेवा.

दुसरी डबी: लगद्याची

माझं आजोळ पेणला. पेण म्हटलं की गणपती आणि पापड, ही दोन नावं बाहेरच्यांना ठाऊक असतात. गणपतीचं काम फक्त पावसाळ्यात चालतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारीत पेणच्या आळ्यांतून, किंवा हमरापूर-जोह्याकडे एक फेरी मारावी. भर थंडीतही कच्च्या मूर्ती साच्यातून निघत असतात, सावलीत वाळत असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं प्लास्टरच्या विरोधात गेल्यापासून शाडू आणि कागदाचा लगदा यांची चर्चा तिथे जास्तच होते.

पण लगदा पेणच्या कारखान्यांच्या आधीपासून घराघरांत आहे. आजी कागद भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी घालून टोपल्या करायची. मेथी भिजली की बुळबुळीत होते, कागदाला धरून ठेवते, आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही. त्या टोपल्यांत धान्य पाखडून ठेवत, पापड ठेवत. बाहेरून गेरूचा हात. पन्नास पैशाचा खर्च नाही.

आपल्या डबीसाठी कृती अशी. रद्दी कागदाचे (जुनी जर्नल्स चालतील, चकचकीत मासिकं नकोत) नखाएवढे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी हाताने कुस्करा किंवा कुटा. फडक्यात घालून पाणी पिळा, अगदी कोरडं नको. अर्धा किलो कागदाला मूठभर मेथी आदल्या रात्री भिजवून, वाटून त्यात मिसळा आणि वर थोडी खळ. कणकेसारखा गोळा झाला पाहिजे. बाजारच्या खळीत कीड लागू नये म्हणून काही लोक मोरचूद घालतात. तो विषारी आहे, खाण्याच्या डबीत अजिबात नको.

साचा म्हणून मेसची स्टीलची वाटी. इथे एक गंमत आहे. वाळताना लगदा आकसतो. वाटीच्या बाहेरून थापलात तर तो वाटीला गच्च आवळून बसतो. आतून थापलात तर आकसताना स्वतःच सुटतो. शिवाय वाटीच्या कडा वर रुंद होत जातात म्हणून डबी निघते, सरळ उभ्या भिंतीचा पेला घेतलात तर पेला आणि डबी यांचं लग्न लागलं म्हणून समजा. फाउंड्रीत पॅटर्नला उतार का देतात आणि आकसण्याची जागा का सोडतात, ते वर्कशॉपमध्ये शिकवतात. पेणचे कारागीर साचा बनवताना तेच पाळतात.

वाटीला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, तीन-चार मिलिमीटर जाडीचा थर अंगठ्याने सारखा थापा, कड पाण्याच्या बोटाने गुळगुळीत करा. मग सावलीत ठेवा. उन्हात ठेवू नका. वरचा भाग पटकन वाळतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. पेणला मूर्ती सावलीत वाळवतात त्यामागेही हेच कारण. आपल्याकडच्या जानेवारीच्या हवेत तीन-चार दिवस लागतात. नखाने वाजवल्यावर 'टक' असा कोरडा आवाज आला की झालं. झाकणासाठी थोड्या मोठ्या वाटीत पातळ थर थापा, ते वरून टोपीसारखं बसतं.

तिसरी डबी: करवंटीची

कोकणात राहून करवंटी विसरून कसं चालेल? नारळ सोलून, शेंडी काढून, मधोमध पेन्सिलीने गोल रेघ मारा. पाणी आधी डोळ्यातून काढून घ्या. मग बेंच व्हाइसमध्ये दोन्ही बाजूंना फडकं लावून हलक्या हाताने पकडा आणि हॅकसॉने रेघेवरून फिरवत कापा. एकाच जागी खोल जाऊ नका, नारळ फिरवत राहा. कोयत्याने फोडलेल्या करवंटीची कड कधीच सरळ येत नाही, म्हणून हा खटाटोप. दोन्ही भकलं एक-दोन दिवस उन्हात ठेवली की खोबरं आकसून करवंटीपासून सुटतं. खोबऱ्याचं काय करायचं ते मेसचे काका बघतील!

डोळे असलेल्या वाटीला भोक असतं, म्हणून डबीसाठी दुसरी वाटी घ्या. बाहेरचे केस आधी जाड पॉलिशपेपरने, मग बारीक पॉलिशपेपरने घासून काढा. यात खरी मेहनत आहे, एका वाटीला पाऊण तास धरा. नाकातोंडाला रुमाल बांधा, भुसा बारीक असतो. शेवटी खोबरेल तेलाचा हात द्या. काळा-तपकिरी रंग असा काही उजळतो की वर रंग लावायची इच्छाच होत नाही. आत-बाहेर फक्त तेल असल्यामुळे ही डबी खाण्याच्या वस्तूला सगळ्यात निर्धोक. बुडाला गोल असल्याने ती डुलते, तिला काथ्याची छोटी चुंबळ करून द्या. झाकणाऐवजी वरून सुती कापडाचा गोल आणि दोरा. आईच्या जुन्या काळ्या साडीचा तुकडा मिळाला तर संक्रांतीला तोच शोभतो.

आता सजावट

इथपर्यंत आलात म्हणजे डबी उभी राहिली. आता खुशाल सजवा, पण बाहेरून.

पेणच्या रंगकामातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा: आधी पांढरा हात. लगद्याच्या करड्या अंगावर थेट लाल मारला तर तो विटकरी दिसतो. खडूची भुकटी आणि डिंकाचं पाणी एकत्र करून एक हात द्या, वाळू द्या, बारीक पॉलिशपेपर फिरवा, मग पोस्टर रंग. बारीक रेषा सगळ्यात शेवटी. पेणला मूर्तीच्या डोळ्यांच्या रंगकामाला 'आखणी' म्हणतात. ते काम अनुभवी हाताकडे असतं आणि सगळं झाल्यावरच केलं जातं.

घडीच्या डबीवर ठिपक्यांची रांगोळी छान बसते. 7.4 सेंटिमीटरच्या झाकणावर सव्वा सेंटिमीटर अंतराने पाच बाय पाच ठिपके बरोबर मावतात. ज्यांना चित्र येत नाही (माझ्यासारखे बरेच आहेत) त्यांनी मेसमधून भेंडीचं देठाकडचं टोक मागून घ्यावं. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून उठवली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. बटाट्यात कोरून पतंग किंवा उसाचं कांडं उठवता येतं.

आणि काहीच जमत नसेल तर शीटची रेखाटलेली बाजूच बाहेर ठेवा. आमच्या मजल्यावर सगळ्यात जास्त कौतुक झालेल्या झाकणावर अर्धा कापलेला शंकू होता आणि त्याच्या बाजूला सरांच्या लाल शाईतलं 'रीड्रॉ'.

हिशोब आणि वाटप

आमच्या मजल्यावर चाळीस डब्या करायच्या ठरल्या. घडीच्या छत्तीस, लगद्याच्या दोन, करवंटीच्या दोन. घडीच्या डब्यांना अठरा शीट्स लागल्या आणि त्या एकाच विंगमध्ये मिळाल्या! चाळीस गुणिले नऊ म्हणजे तीनशे साठ लाडू, लहान लाडू सात ग्रॅमचा धरला तर अडीच किलो. वर्गणी दर डोई वडापावाच्या भावात आली. लाडू मेसमध्येच वळले. वेळेचं म्हणाल तर सवय झालेल्याला घडीची डबी दहा मिनिटांची, पहिली मात्र अर्धा तास खाते. दोन संध्याकाळी पुरल्या.

वाटप करताना यादी करून घ्या, नाहीतर ओळखीचेच लोक आठवतात. आमच्या यादीत पहिलं नाव रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचं होतं आणि शेवटचं रेक्टर सरांचं. हा क्रम मुद्दाम होता, सरांनीही तो गोड मानून घेतला.

मेसच्या एक मावशी आहेत. हळदीकुंकवाचा विषय निघाला की त्या हातातलं काम घेऊन आत निघून जातात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि अशा वेळी पुढे यायचं नाही ही सवय इतकी जुनी की कोणी अडवावंही लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 साली विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून खूप चर्चा झाली. पण ठराव हेरवाडला झाला, मावशी आमच्या स्वयंपाकघरात. आम्ही करवंटीची डबी त्यांच्यापुढे धरली तर म्हणाल्या, "मला कशाला रे बाबा? मी नाय वाण घेत."

मी म्हटलं, "मावशी, वाण नाही हे. तिळगूळ आहे. तो तर सगळ्यांनाच देतात."

त्यांनी डबी हातात घेऊन फिरवून बघितली. "ही कोणी घासली एवढी?" एवढंच विचारलं. लाडू त्यांनी घरी नातवंडांना नेले. डबी मात्र दुसऱ्या दिवशी मेसच्या फळीवर परत आली, आत लवंगा भरून. अजून तिथेच आहे. काळ्या कापडाच्या जागी स्टीलची ताटली झाकण म्हणून आली, एवढाच बदल. माळ्यावरच्या एकोणीस डब्यांच्या मानाने हे आयुष्य बरं म्हणायचं.

जाता जाता

काही सूचना. कागदाची डबी हवाबंद नसते, तेव्हा तिळगूळ दोन-चार दिवसांत संपवा (हॉस्टेलवर ही सूचना अनावश्यक आहे, पण शिक्षकवृंदासाठी लिहिली). घरी न्यायची असेल तर रोह्याच्या गाडीत डबी बॅगेच्या तळाशी नको, वर ठेवा. डबी जुनी झाली की रद्दीत द्या, नदीत सोडू नका. कागद असला तरी त्यावर रंग आहे, डिंक आहे. आणि हीच डबी नाताळाच्या करंज्यांना, वाढदिवसाच्या खाऊला, किंवा बोल्ट-नट ठेवायलाही चालते. सण बदलला तर फक्त भेंडीचा रंग बदला.

विकतची डबी वाईट असते असं मला म्हणायचं नाही. पण ती घेताना आपण फक्त संख्या सांगतो: दोन डझन द्या. हाताने केली की ही कोणासाठी, त्यांच्या घरी कोण आहे, त्यांना तीळ चावतील की हलवा बरा, याचा विचार घडी घालता घालता होतोच. तेवढी दहा मिनिटं आपण त्या माणसाला दिलेली असतात.

तर मंडळी, खाटेखालून शीट्स काढा, रिकाम्या रिफिली जमवा आणि यादीत पहिलं नाव कोणाचं घालायचं ते आजच ठरवा. शीट्स कमी पडल्या तर काळजी नको, पुढच्या सेमिस्टरला 'रीड्रॉ' आहेच!